पंप खोलायच्या आधी: जुनी पिकअप मिसिंग मारते, ओढत नाही, तेव्हा काय बघायचं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात डिझेल पंप आणि नोझल तपासायच्या बेंचवर मी सहा वर्षं काम केलं. आता स्वतःची जुनी पिकअप चालवतो. दिवाळी पाडव्याला गुळाचे सौदे निघाले की पन्हाळ्याच्या बाजूच्या गुऱ्हाळांवरून शाहू मार्केट यार्डात गूळ आणायचा, बाकीच्या दिवसांत मिळेल ते भाडं. म्हणजे गाडी दुरुस्त करणाऱ्याची बाजू मी बघितली आहे आणि गाडी रस्त्यात अडकलेल्याची पण.

बेंचवर असतानाची एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पावसाळ्याचे दिवस. राधानगरीकडचे एक मामा गोणपाटात गुंडाळून पंप घेऊन आले. गाडी चढाला दम धरत नाही, मिसिंग मारते, आणि गावाकडच्या गॅरेजात सांगितलेलं की पंप गेला. आम्ही पंप बेंचवर चढवला, चारही लाईनची डिलिव्हरी काचेच्या नळ्यांत मोजली. चारही सारख्या. मेस्त्रींनी पंपाला हात न लावता परत दिला आणि विचारलं, "मामा, टाकीची जाळी बघितलीसा काय?" मामांनी ती बघितली नव्हती. पंप उतरवायला एक दिवस गेला होता, चढवून टायमिंग, म्हणजे डिझेल फवारायची वेळ, लावायला आणखी एक जाणार होता, आणि गाडीवर हप्ता चालू होता. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, जाळीवर चिखलाचा थर होता म्हणून.

असे चांगले पंप बेंचवर कितीतरी यायचे. म्हणून हे लिहितोय. जुन्या डिझेल पिकअपचा दोष शोधायला एक क्रम आहे. स्वस्त ते आधी, उतरवायचं ते शेवटी. क्रम सोडला की पैसे जातात आणि दोष तिथंच राहतो.

मी धरून चालतोय ती गाडी अशी: चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, टर्बो, आणि मेकॅनिकल पंप, म्हणजे पंपातून चार लोखंडी पाईप चार नोझलला गेलेले. कॉमन रेलची गाडी असेल, म्हणजे चारही इंजेक्टरना एकाच सामायिक नळीतून डिझेल जाणारी, तर तिचं पुढं वेगळं सांगितलंय. तो भाग वाचल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

आधी नीट सांगता आलं पाहिजे

'मिसिंग' आणि 'ओढत नाही' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. मिसिंग म्हणजे एखादा सिलिंडर आपलं काम सोडतो. स्लोला, म्हणजे रेस न देता, इंजिन हलतं, गियरचा दांडा थरथरतो, सायलेन्सरचा आवाज एका लयीत येत नाही, मध्ये एक ठोका गाळल्यासारखा वाटतो. ओढत नाही म्हणजे चारही सिलिंडर चालू आहेत पण चौघंही अर्धपोटी. आवाज गुळगुळीत येतो, पण वाघबीळच्या चढाला जिथं तिसऱ्यावर जायची तिथं दुसरा टाकावा लागतो. कधी दोन्ही एकदम असतं, पण तरीही वेगवेगळं लिहून काढा.

मी गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवतो. त्यात एवढंच लिहायचं: थंड असताना होतं का गरम झाल्यावर? रिकामी असताना का भरल्यावर? ठरावीक वेगाला का कधीही? धूर कुठल्या रंगाचा? डिझेल भरल्यानंतर सुरू झालं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, दहा मिनिटं बंद ठेवून परत चालू केली तर काही वेळ बरी चालते का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर दोष बहुतेक डिझेलच्या वाटेवर आहे, इंजिनात नाही. जाळीवर ओढ बसली की घाण येऊन चिकटते. इंजिन बंद झालं की ओढ संपते, घाण खाली बसते, गाडी पाच-दहा किलोमीटर पुन्हा वाघासारखी पळते.

इंजिन सोडून आधी हे बघा

कितीतरी वेळा इंजिन निर्दोष असतं. गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून थांबवा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, लावायचा नाही, नुसता जवळ न्यायचा. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर ब्रेक धरून बसलाय, आणि इंजिन बिचारं ब्रेक ओढत चढ चढतंय. वरच्या गियरला चढाला रेस दिली की इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. टायरची हवा कमी असेल तर तेही भरल्या गाडीला जाणवतं.

मग रेसची केबल. एकाला आत बसवून पेडल पूर्ण दाबायला सांगा, इंजिन बंद ठेवून, आणि बॉनेट उघडून पंपावरचा लिव्हर बघा. तो शेवटच्या स्टॉप स्क्रूला टेकला पाहिजे. जुन्या गाडीत केबल ताणून लांबते किंवा पेडलखालची मॅटच अडते, आणि लिव्हर बोटभर अलीकडेच थांबतो. डायव्हरला वाटतं पेडल पूर्ण दाबलंय, पंपाला मात्र तसं कळलेलंच नसतं.

एअर फिल्टर तर गुऱ्हाळावर जाणाऱ्यांनी खास बघायचा. गुऱ्हाळाच्या आवारात वाळत घातलेल्या चिपाडाचा भुसा उडत असतो, चुलवाणाची राख असते. सीझनमध्ये माझा फिल्टर महिन्याभरात गच्च होतो. बाहेरून झटकल्यावर स्वच्छ दिसतो, म्हणून फसगत होते. फिल्टर काढून त्याच्या आत बॅटरी धरा. बाहेरून घड्यांमधून उजेड दिसला तर चालेल, नाही दिसला तर बदला. हवा मारायचीच असेल तर आतून बाहेर मारा आणि प्रेशर बेताचं ठेवा, नाहीतर कागद फाटतो आणि तीच राख सरळ लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, खायला मिळते. फिल्टर न घालता गाडी 'जरा बघूया' म्हणून पळवायची तर अजिबात नाही.

डिझेलची वाट: टाकीपासून पंपापर्यंत

इथं सावकाश जायचं, कारण मी बघितलेल्या जुन्या गाड्यांचे निम्म्याहून जास्त दोष इथंच सापडले.

टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढून पुढं देणारा छोटा पंप) पाईप ओढीखाली असते. म्हणजे इंजिन चालू असताना तिथं बारीक चीर पडलेली असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. ही गोष्ट नीट समजून घेतली तर अर्धं काम झालं. लोक गाडीखाली वाकून बघतात, सगळं कोरडं दिसतं, म्हणतात लिकेज नाही. कोरडं दिसणारच.

माझ्या स्वतःच्या गाडीचं सांगतो. जानेवारीचा महिना, गुळाचा जोर. रोज सकाळी चालू व्हायला त्रास, झाली की पाच मिनिटं मिसिंग, मग बरी. भरून आणताना पन्नासच्या वर नेली की झटके. मी बेंचवर काम केलेला माणूस, आणि तरी एका गॅरेजात गेल्यावर त्यांनी पंप सांगितला आणि मी मान डोलावली, कारण भाडी तुंबली होती आणि डोकं चालत नव्हतं. पंप उतरवणं, तपासणं, सीलं, परत टायमिंग, असे साडेसहा हजार गेले. चौथ्या दिवशी झटके परत.

मग मी रविवारी गाडी घरासमोर लावली आणि जे बेंचवर शिकलो ते करायला बसलो. फिल्टर आणि पंपाच्या मधली पाईप काढून तिथं फूटभर पारदर्शक पाईप घातली, डिझेलला चालणारी, दोन्ही टोकांना क्लिपा आवळून. हँड पंपानं हवा काढली आणि गाडी चालू केली. सुरुवातीला एक-दोन मिनिटं बुडबुडे येणारच, पाईप आत्ताच जोडलेली असते. ते थांबायला पाहिजेत. माझे थांबले नाहीत. मोहरीएवढे बुडबुडे, एकामागे एक, माळेसारखे. रेस दिली की माळ जाड व्हायची.

हवा कुठून येते हे शोधायला दुसरी युक्ती. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात गाळलेलं डिझेल घाला, आणि इंजिनापासून लांब, तापलेल्या पाईपला लागणार नाही अशा उंचीवर बांधून ठेवा. टाकीकडून येणारी पाईप फीड पंपाजवळ सोडा आणि तिथं कॅनची पाईप लावा. रिटर्नची, म्हणजे उरलेलं डिझेल परत आणणारी, पाईपही त्याच कॅनमध्ये सोडा, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होईल. आता बुडबुडे थांबले आणि इंजिन लयीत आलं तर दोष टाकीपासून इथपर्यंतच्या वाटेत. नाही थांबले तर फीड पंप, फिल्टरची वाटी आणि बँजोचे (पोकळ बोल्टनं आवळलेल्या पाईपच्या जोडाचे) वॉशर. एका कॅननं गाडी दोन भागांत वाटली जाते, आणि अर्ध्या भागात शोधायची गरजच राहत नाही.

माझे बुडबुडे थांबले. मग गाडीखाली झोपून पाईप इंचाइंचानं बघत गेलो. टाकीजवळ लोखंडी पाईप आणि रबराची पाईप जिथं जोडतात, तिथलं रबर वरून काळं-कुळकुळीत दिसत होतं. बोटांनी वाकवलं तेव्हा क्लिपच्या काठाला कातरल्यासारखी बारीक चीर उघडली, नखाएवढी. सोडली की पुन्हा मिटायची, दिसायचीही नाही. वीतभर नवी पाईप आणि दोन क्लिपा, शंभराच्या आतलं काम. तेव्हापासून मी रबर बघत नाही, वाकवतो. तुम्हीही प्रत्येक रबरी तुकडा वाकवूनच बघा.

बँजोला तांब्याचे वॉशर असतात. ते एकदा आवळले की कडक होतात, आणि पुन्हा तेच लावले तर नीट बसत नाहीत. नवे लावा. नवे मिळेनातच तर जुने गॅसवर लाल करून पाण्यात टाका, तांबं मऊ पडतं, मग बारीक पॉलिश पेपरवर सपाट घासून लावा. पोलादाला असं पाण्यात टाकलं तर कडक होतं, तांब्याचं उलट आहे.

टाकीचं झाकणही तपासा. झाकणाला हवा आत घ्यायला बारीक वाट असते. ती धुळीनं बुजली की टाकीत ओढ तयार होते आणि पंपाला डिझेल मिळेनासं होतं. गाडी दम टाकायला लागली की लगेच थांबवून झाकण उघडा. 'फस्स' करून हवा आत गेली आणि त्यानंतर गाडी बरी चालली, तर दोष सापडला.

मग पाणी. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते टाकीच्या आणि फिल्टरच्या तळाला बसतं. फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या, दहा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे. आपल्याकडं २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कितीतरी गाड्या दिवसेंदिवस पाण्यात उभ्या होत्या. त्यातल्या बऱ्याच पुढं सेकंडहँड बाजारात आल्या. जुनी पिकअप घेतली असेल आणि इतिहास माहीत नसेल, तर टाकी एकदा पूर्ण उतरवून धुवाच. पाणी नुसतं मिसिंग करत नाही. पंप आणि नोझलच्या आतल्या भागांना डिझेलचंच वंगण असतं, आणि पाण्याला वंगण नाही. तेव्हा पाण्याकडं दुर्लक्ष केलं तर पंप खरोखरच जातो.

डिझेल फिल्टर कधी बदलला आठवत नसेल तर तपासत बसू नका, बदला. बदलल्यावर हवा पूर्ण काढा. हँड पंप मारत राहायचं, फिल्टरवरच्या ब्लीड स्क्रूमधून फेस येणं थांबून सलग डिझेल आलं की आवळायचं.

कुठला सिलिंडर मेलाय?

डिझेलची वाट स्वच्छ आहे आणि तरी एका ठोक्याला मिसिंग आहे, तर आता सिलिंडर धरायचा.

मेकॅनिकल पंपाच्या गाडीत रीत जुनी आणि पक्की आहे. इंजिन स्लोला ठेवा. नोझलवर येणाऱ्या लोखंडी पाईपचा नट, बहुतेक गाड्यांत १७ च्या पान्याचा, चिंधी गुंडाळून अर्धा आटा सैल करा. त्या सिलिंडरचं डिझेल बाहेर झिरपेल आणि तो बंद पडेल. चांगला सिलिंडर असेल तर इंजिन लगेच पडतं, आवाज बदलतो, थरथर वाढते. परत आवळा, पुढचा धरा. ज्याचा नट सैल केल्यावर काहीच फरक पडला नाही, तो आधीपासूनच मेलेला आहे.

इथं सावध करतो. डोळ्याला चष्मा लावा. हात फवाऱ्याच्या वाटेत आणू नका. नोझलचं प्रेशर शेकडो बारचं असतं, बारीक धार कातडीतून सरळ आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही, पण आत डिझेल पसरलेलं असतं आणि बोट जाऊ शकतं. असं झालं तर 'बघू सकाळी' नाही, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जायचं आणि डिझेलची धार आत गेलीय असं स्पष्ट सांगायचं. पाईपचं लिकेज शोधताना बोट फिरवायचं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा.

पाना लावायचा नसेल तर दुसरी वाट: पूर्ण थंड इंजिन चालू करून थोड्या वेळानं एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चार फांद्यांचं तापमान बंदुकीसारख्या थर्मामीटरनं बघा. तो नसेल तर प्रत्येक फांदीवर पाण्याचा एक थेंब टाका. तीन फांद्यांवर थेंब चुरचुरून उडतो आणि एकीवर नुसता ओघळतो. ओघळला तो सिलिंडर तुमचा. ही रीत कॉमन रेलच्या गाडीलाही चालते.

नोझल का कॉम्प्रेशन?

समजा दोन नंबर मेलेला निघाला. आता नोझल विकत आणायला धावू नका. दोन आणि तीनची नोझल काढून अदलाबदल करा. मिसिंग तीन नंबरला गेली तर नोझलच खराब. दोन नंबरलाच राहिली तर नोझल निर्दोष, दोष सिलिंडरमध्ये किंवा पंपाच्या त्या लाईनमध्ये. अदलाबदल करताना खालचा तांब्याचा वॉशर प्रत्येक वेळी नवा घाला आणि भोकात जुना वॉशर चिकटून राहिला नाही ना हे बॅटरीनं बघा. दोन वॉशर एकावर एक बसले तर नोझल वर राहतं, फवारा चुकीच्या जागी पडतो, आणि नवाच दोष तयार होतो.

संशय असेल तर नोझल बेंचवर न्या आणि टेस्ट होताना स्वतः उभं राहून बघा. हे काम मी हजारो वेळा केलंय. नोझल टेस्टरला लावायचं, हातानं लिव्हर दाबायचा, घड्याळाचा काटा वर चढत जातो. डायरेक्ट इंजेक्शनच्या जुन्या इंजिनांत साधारण २०० ते २५० बारच्या दरम्यान, कंपनीनं दिलेल्या आकड्याला, नोझल उघडलं पाहिजे. चांगलं नोझल उघडताना करकर आवाज करतं, लिव्हरमध्ये ती थरथर हाताला लागते, आणि प्रत्येक भोकातून सारखं धुकं बाहेर पडतं. वाईट नोझल गप्प राहतं आणि पिचकारी मारतं. लिव्हर थांबवल्यावर टोक कोरडं राहिलं पाहिजे. तिथं थेंब जमून टपकत असेल तर ते डिझेल सिलिंडरमध्ये नको त्या वेळी पडतं: आवाज टणटण येतो, काळा धूर होतो, आणि फार दिवस तसंच चालवलं तर पिस्टन जळतो. प्रेशर शिम (पातळ चकती) घालून लावता येतं, पण टपकणारं टोक शिम घालून सुधारत नाही. टीप बदलावी लागते. चारही नोझलचं प्रेशर एकसारखं लावून घ्या, एकट्याचं नको.

नोझल निर्दोष निघालं तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचं अंतर. कव्हर काढून फीलर गेजनं प्रत्येक व्हॉल्व्हचं अंतर बघा. आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच घ्यायचा, आणि इंजिन थंड का गरम हेही त्यातच लिहिलेलं असतं. टॅपेट ढिला असला की टकटक वाजतो म्हणून लोक घाबरतात. खरा धोका घट्ट टॅपेटचा. तो वाजत नाही. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं, आणि हळूहळू व्हॉल्व्हची कड जळते. 'थंड असताना बरी, गरम झाल्यावर मिसिंग' अशी तक्रार असेल तर हे आधी बघा.

त्यानंतर कॉम्प्रेशन. डिझेलचा गेज वेगळा असतो, पेट्रोलचा लावू नका, फुटेल. धडधाकट डिझेल इंजिन साधारण २० ते ३० बार दाखवतं. पण एकटा आकडा फार बोलत नाही, चौघांत फरक किती ते बोलतं. तिघं २६ च्या आसपास आणि एक १८, तर त्याच्यात काहीतरी आहे. शेजारशेजारचे दोन एकदम कमी असतील तर त्या दोघांच्या मधलं हेड गॅस्केट गेलंय असं समजा. चालू इंजिनावर, थंड असतानाच, रेडिएटरचं झाकण उघडून बुडबुडे येतात का तेही बघा. आणि तेलाचं झाकण काढून भोकावर उलटं ठेवा. जरा हललं तर चालेल. नाचायला लागलं आणि धापा टाकल्यासारखा धूर येत असेल तर रिंग-लायनरचा खर्च समोर आहे.

ओढत नाही, पण मिसिंग नाही

इथं धूर बोलतो. भरली गाडी चढाला लावा आणि आरशात बघा. काळा धूर म्हणजे डिझेल आहे, हवा कमी. अजिबात धूर नाही आणि ताकदही नाही, म्हणजे डिझेलच कमी पोचतंय. परत वर जा, जाळी, फिल्टर, केबल. पांढरा धूर, डोळ्याला झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा, म्हणजे डिझेल जळत नाही: टायमिंग मागं आहे, कॉम्प्रेशन कमी आहे किंवा हवा घेतंय. पांढराच पण वाफेसारखा, गोडसर वासाचा आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केट. निळा म्हणजे ऑईल जळतंय. नुसत्या सकाळी पांढरा धूर आणि मिसिंग, मग दिवसभर काही नाही, अशा वेळी ज्या इंजिनाला ग्लो प्लग (थंड इंजिन चालू व्हायला सिलिंडर तापवणारे) आहेत त्यांचे प्लग मल्टिमीटरवर बघा. चांगला प्लग एक-दोन ओहमच्या आत दाखवतो, जळालेला काहीच नाही.

काळ्या धुराबरोबर ताकद गेली असेल तर टर्बोचे होज. टर्बोपासून इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंतचे रबरी होज खालच्या बाजूनं फाटतात, वरून दिसत नाहीत. उभ्या गाडीला रेस दिली तर फाट मिटलेलीच राहते. लोडवर हवेचं प्रेशर वाढलं की उघडते, फुसकारा ऐकू येतो, धूर काळा होतो. होज काढून उजेडासमोर धरून पिळा. बाहेरून एखाद्या ठिकाणी तेलकट धूळ चिकटलेली असेल तर तिथूनच हवा निसटते. टर्बोचा शाफ्ट बोटानं हलवून बघा, इंजिन बंद आणि थंड असताना. आडवं किंचित हलेल, पण पातं घराला घासत असेल तर टर्बो संपला. टर्बो बदलायच्या आधी त्याच्या ऑईल पाईपमध्ये कार्बन आहे का ते मात्र बघा, नाहीतर नवाही तसाच जाईल.

कॉमन रेल असेल तर

नट सैल करायची रीत इथं चालवायची नाही. रेलमधलं प्रेशर हजार बारच्या पुढं जातं, ते जीव घेऊ शकतं. इथं स्कॅनर लावून कुठल्या सिलिंडरचा कोड आहे ते बघा आणि चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाईप चार सारख्या बाटल्यांत सोडा. मिनिटभर स्लोला चालवा. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल आलं तर तो इंजेक्टर आतून गळतोय, आणि त्याच्यामुळं रेलला प्रेशर धरत नाही. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) कार्बननं उघडा अडकला तरी काळा धूर आणि ताकद कमी होते, तो साफ करून बघा. बाकीचं घरी करू नका.

आता पंप

हे सगळं झालं, वहीत एकेक खूण पडली, आणि तरी दोष आहे, तेव्हा पंप. त्याआधीही टायमिंग तपासा, विशेषतः बेल्ट किंवा गियरचं काम झाल्यानंतर गाडी सुस्त झाली असेल तर. पंप उतरवताना फ्लँजवर आणि बॉडीवर आधी छिन्नीची खूण करून घ्या, आणि चारही पाईपांची तोंडं प्लास्टिकनं बांधा. बेंचवर गेलात की आधी टेस्ट करून रिपोर्ट मागा, मगच खोलायला सांगा. आणि वही बरोबर न्या. 'पंप करून द्या' म्हणून येणाऱ्याचा पंप आम्ही करून द्यायचो. 'कॅन लावून बघितला, तीन नंबरचं नोझल दोनला घातलं, तरी दोन नंबरच मेलेला, कॉम्प्रेशन २५' असं सांगणाऱ्याशी मेस्त्री हातातलं काम ठेवून बोलायचे.

काम झाल्यावर मी गाडी दोन ठिकाणी तपासतो. एक, रात्री घराजवळच्या उतारावर तोंड वर करून उभी करायची. कुठं हवा घेत असेल तर रात्रीत डिझेल टाकीकडं परत उतरतं आणि सकाळी स्टार्टर मारत बसावं लागतं. अर्ध्या सेल्फला चालू झाली तर पाईप पक्क्या. दोन, गुळाचे तीस किलोचे चाळीस रवे भरून शिवाजी पूल, केर्ली, आणि वाघबीळचा चढ. तिसऱ्यावर, पेडल पूर्ण, काच खाली. कान इंजिनाकडं आणि डोळा आरशातल्या धुराकडं. वर पोचलं की गाडी बंद न करता मिनिटभर स्लोला ठेवायची, टर्बो थंड होईपर्यंत, आणि तेवढ्यात खाली वाकून प्रत्येक बँजोवरून कोरडा कागद फिरवायचा.